पहिली मोटारसायकल कोणती घेऊ? उंची पाच फूट एक इंच, रोज ५६ किलोमीटर, त्यात शेवटचं काळं रान

तिसरीच्या_बाई
७ जून

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

मी जुळे सोलापुरात राहते, वय ३४, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेला जायचं म्हणजे विजापूर रोडनं मंद्रूपच्या दिशेला २४ किलोमीटर आणि मग वळून ४ किलोमीटर पाणंद. जाऊन-येऊन ५६. आतापर्यंत आम्ही चौघं शिक्षक एका गाडीतून जायचो, पेट्रोल वाटून घ्यायचो. यंदाच्या बदल्यांत तिघं गेले, गाडी ज्यांची होती ते गुरुजीही गेले. एसटीनं गेलं तर पुढं चार किलोमीटर कुणाच्या तरी मागं बसून जावं लागतं. कुणी भेटलं तर भेटलं, नाहीतर परिपाठ बुडतो.

शहरात मी अकरा वर्षं स्कूटी चालवते. गर्दीची भीती नाही, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतसुद्धा गाडी काढलेली आहे. पण मागच्या पावसाळ्यात दोनदा स्कूटी शाळेला नेली आणि दुसऱ्यांदा ट्रॅक्टरच्या चाकोरीत पुढचं चाक अडकून पडले. कोपराला सात टाके पडले. चाचणीचे पेपर सगळे चिखलात. रडू पेपरांसाठी आलं, कारण पोरांनी फार मन लावून लिहिले होते.

तेव्हाच ठरवलं की मोठ्या चाकाची, गिअरची गाडी शिकायची. आजवर क्लचला हात लावलेला नाही.

घरी तीन मतं आहेत. वडील म्हणतात, स्कूटीच ने, जपून चालव. भाऊ म्हणतो बुलेट घे, हायवेला तीच बरी. शाळेतले गुरुजी म्हणतात जुनी स्प्लेंडर बघा आणि विसरून जा. मला तिघांचंही खरं वाटतं, म्हणून अडकले आहे. हेल्मेट वगैरे धरून एक लाखाच्या वर जायचं नाही. गाडीवर पंजाबी ड्रेस असेल, पर्स आणि वह्यांची पिशवी असेल. मागं कुणी बसणार नाही.

सगळ्यात मोठी भीती पाय टेकण्याची आहे. भावाच्या मित्राच्या गाडीवर नुसती बसले तर दोन्ही टाचा अधांतरी राहिल्या.


एमएच१३_स्वार
७ जून

मॅडम, मी हंटर ३५० वापरतो, बुलेटच्याच कंपनीची, आणि खूश आहे. सीट ७९० मिमी आहे, फार उंच नाही. चौपदरी रस्त्यावर ट्रक शेजारून गेला तरी गाडी हलत नाही, हा तुमच्यासाठी मोठा मुद्दा आहे. शंभर सीसीची घेतली तर सहा महिन्यांत कमी पडायला लागेल आणि विकताना नुकसान होईल. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. बजेट थोडं ताणून एकदाच चांगली गाडी घ्या, असं मनापासून वाटतं.


स्पॅनर_अक्कलकोट_रोड
७ जून, रात्री

ताई, उत्तर तुमच्याच प्रश्नात अर्धं आहे. चार किलोमीटर पाणंद. गाडी त्या चारसाठी घ्यायची, चोवीससाठी नाही. डांबरावर कुठलीबी गाडी जाते.

मी २१ वर्षं गॅरेज चालवूलालो. आपल्या काळ्या मातीचं एक सांगतो, जे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. पाऊस पडला की ही माती टायरला धरते, टायरबरोबर फिरून मडगार्डच्या आत जाते आणि थरावर थर बसत जातो. शंभर-दोनशे मीटरमध्ये चाक जाम. मग माणूस एक्सलेटर पिळतो. इंजिन ओरडतं, चाक हलत नाही, क्लच प्लेटा जळतात. दर जुलै-ऑगस्टला मंद्रूप, वळसंग, बोरामणी बाजूच्या गाड्या माझ्याकडं अशाच येतात, कधी टेम्पोत घालून. त्यात ३५० सीसीच्या पण असतात. ताकद जास्त असली म्हणजे मडगार्डातली माती निघते असं नाही.

म्हणून शोरूममध्ये गेलात की रंग आणि मीटर नंतर बघा. आधी पुढच्या चाकाजवळ खाली बसा, टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं घाला. दोन बोटं मोकळी फिरली पाहिजेत. साध्या, रोजच्या वापराच्या गाड्यांत ही जागा असते. स्पोर्टी गाड्यांत मडगार्ड टायरला चिकटून असतं. दिसायला छान, पण पाणंदीला बेकार.

दुसरं चाक. स्कूटरची चाकं १० आणि १२ इंची. चाकोरीच्या काठावर छोटं चाक चढत नाही, घसरून आत पडतं. तुमचं तेच झालंय, तुमची चूक त्यात कमी आहे. स्प्लेंडर, होंडाची शाइन १२५ यांची चाकं १८ इंची, शाइन १०० ची १७. तेवढा फरक पडला की खड्डा अर्धा वाटतो.

तिसरं वजन. स्वार भाऊ म्हणतात ते हायवेपुरतं खरं आहे. हंटर १८१ किलो, क्लासिक ३५० तर १९५. चांगल्या गाड्या आहेत, मी रोज त्यांचं काम करतो. पण नवीन माणूस गाडी पाडतो, आणि पाडतो ती ताशी शून्य ते दहाच्या वेगात. वळवताना, थांबताना, मागं घेताना. पाणंदीत आडवी झालेली १८१ किलोची गाडी एकट्या माणसानं उभी करायची, पाय चिखलात सरकत असताना. मला स्वतःला जमत नाही. स्प्लेंडर ११२ किलो, शाइन १२५ साधारण ११३, टीव्हीएसची रेडर १२३, शाइन १०० फक्त ९९. ही तुम्ही उचलाल.

पाय टेकण्याबद्दल. कागदावरची सीटची उंची पूर्ण खरं सांगत नाही. स्प्लेंडर ७८५ मिमी, पल्सर १५० पण ७८५. पण सीट पुढं किती रुंद आहे त्यावर पाय किती खाली जाणार ते ठरतं. रुंद सीट मांड्या फाकवते आणि दोन इंच तिथंच जातात. शिवाय तुम्ही बसल्यावर पुढचे-मागचे शॉकअप दबतात, गाडी खाली बसते. त्यामुळं आकडे वाचून गाडी सोडू नका आणि घेऊ पण नका. रोज शाळेला घालता तेच बूट-चप्पल घालून बसून बघा. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले तर पुरे. दोन्ही टाचा टेकायलाच पाहिजेत असं नाही. थांबताना डावा पाय पूर्ण टेकायचा, उजवा मागच्या ब्रेकवर. त्यासाठी सीटवर थोडं डावीकडं सरकता आलं पाहिजे. पाच फुटी माणसं अशीच चालवतात.

शोरूमवाल्याला एक विनंती करा. गाडी उतारावर तोंड खाली करून लावायला सांगा आणि तुम्ही बसून ती मागं घ्या, इंजिन बंद. घेता आली तर ती गाडी तुमची. नाही आली तर कितीबी आवडू द्या, सोडून द्या.

आणि चेन कव्हर पूर्ण बंद असलेली गाडी बघा. पंजाबी ड्रेस, ओढणी. उघड्या चेनीच्या गाड्यांत ओढणी गेली की गळ्याला ओढ बसते. मी असं एक प्रकरण डोळ्यांनी बघितलंय, वर्णन करत नाही. ओढणी घरून निघतानाच पिशवीत घालत जावा. पूर्ण बंद कव्हरमध्ये चेनीला माती पण कमी लागते.

आता शंभर की सव्वाशे? शंभरच्या सात-आठ हॉर्सपॉवरला ६० चा वेग आरामात निघतो. पण विजापूर रोडला कंटेनर ७०-८० नं जातात आणि ते शेजारून गेले की हवेचा धक्का बसतो. ९९ किलोची गाडी तिथं थोडी हलते. तुमच्या कामाला १२५ सीसी, साधी, पूर्ण चेन कव्हरची, असं माझं मत. १२५ पर्यंत बहुतेक गाड्यांना सीबीएस ब्रेक येतो, त्याच्या वर एबीएस, म्हणजे जोरात दाबला तरी चाक जाम न होऊ देणारा. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचा पण थोडा लागतो. नवीन माणसाला डांबरावर फार चांगलं. फक्त ओल्या मातीत पायाचा ब्रेक पण हळू दाबायचा हे डोक्यात ठेवा, कारण पुढचं चाक पण धरलं जातं.

पेट्रोलचा हिशेब करून टाका. महिन्याला २४ दिवस धरले तर १,३४४ किलोमीटर. साठच्या ॲव्हरेजला साडेबावीस लिटर. पस्तीसच्या ॲव्हरेजला साडेअडतीस लिटर. सोळा लिटरचा फरक, दर महिन्याला.


आरोग्यसेविका_दक्षिण
८ जून

ताई, मी आरोग्य सेविका आहे, सात वर्षं मोटारसायकलवर उपकेंद्राला जाते, तेही दक्षिण तालुक्यातच. स्पॅनर दादांनी गाडीचं सांगितलं, मी तुमच्या बाजूनं सांगते.

पहिल्यांदा परवाना. तुमच्याकडे विना गिअरचा असेल तर तो मोटारसायकलला चालत नाही. गिअरसह हा वेगळा वर्ग आहे, तो जोडून घ्यावा लागतो. शिकाऊ परवाना काढायचा, तो सहा महिने चालतो, आणि ३० दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. हे आजच करा, गाडी नंतर. नाहीतर अपघात झाला तर विम्यावाले पहिला प्रश्न हाच विचारतात. माझ्या ओळखीत एका ताईंना तो अनुभव आला आहे. अकरा वर्षं स्कूटीचा सराव होता, पण कागद नव्हता.

दुसरं शिकण्याचं. मला नवऱ्यानं शिकवायला घेतलं आणि दोन दिवसांत आमचं भांडण झालं. माणूस वाईट नव्हता, पण तो म्हणायचा "क्लच हळू सोड", आणि हळू म्हणजे किती ते मला कळायचं नाही. शेवटी मी एकटीनं शिकले. पहाटे साडेपाचला नवीन प्लॉटिंगच्या रिकाम्या रस्त्यावर जायची. जुळे सोलापूरच्या पुढं अजून असे रस्ते आहेत. पहिले दोन दिवस एक्सलेटरला हातच लावला नाही. पहिला गिअर टाकायचा आणि क्लच केसाएवढा केसाएवढा सोडायचा. एका जागी गाडीला जरा ओढ लागते, आवाज जड होतो. ती जागा सापडली की तिथंच बोटं थांबवायची. गाडी आपसूक चार पावलं चालते. परत क्लच दाबायचा, थांबायचं. असं शंभर वेळा. हाताला क्रीम लावायची वेळ येते, पण तिसऱ्या दिवशी ती जागा बोटांना पाठ होते आणि मग गाडी बंद पडत नाही.

स्कूटीवाल्यांची एक सवय मोडावी लागते. स्कूटीत डावा हात म्हणजे ब्रेक. मोटारसायकलला डावा हात म्हणजे क्लच. घाबरलं की आपण डावा हात दाबतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटते. माझं पहिलं पडणं असंच झालं, एका कुत्र्यासमोर. कुत्रं वाचलं, माझा गुडघा फुटला. म्हणून रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम सराव करा: वीसच्या वेगात जायचं, मनात एखादी खूण धरायची, उजवा हात आणि उजवा पाय. रोज तीस वेळा. आणि या महिन्यात स्कूटी चालवायची थांबवा, डोकं गोंधळतं.

पाच गिअरच्या बहुतेक गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर असतात, काही गाड्यांना सगळे एकाच दिशेनं. ज्या गाडीवर शिकाल तिचाच क्रम पायात बसतो. म्हणून कुणाच्या दुसऱ्याच गाडीवर शिकून आपली वेगळी घेऊ नका.

चिखलात दुसरा गिअर, एकसारखा वेग, पाय फूटरेस्टवरच. भीतीनं दोन्ही पाय खाली सोडले की तोल जातो, मागचा ब्रेकही हातचा जातो. नजर चाकाजवळ ठेवायची नाही, दहा-पंधरा पावलं पुढं. आणि पावसाचा पहिला तास झाल्यावर ती पाणंद खरंच चालण्यासारखी नसेल तर गाडी फाट्यावर लावून चालत जा. मी आजही जाते.

नोव्हेंबरात ऊस सुरू झाला की संध्याकाळी सहानंतर हायवेला फार जपा. ट्रॉलीला मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला असतो, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला असतो. अंधारात तो दिसत नाही, अचानक समोर येतो. शाळा सुटल्यावर उजेडात घर गाठा. एखादी बैठक लांबली तर मंद्रूपला मैत्रीण बघून ठेवा, मुक्कामाला. मी ठेवली आहे.

आणि कुणी बघतंय याचा त्रास पहिले पंधरा दिवस होतो. नंतर गावातल्या मुली विचारायला येतात, गिअर कसा टाकायचा म्हणून.


एमएच१३_स्वार
८ जून

मडगार्डचा मुद्दा मला माहीतच नव्हता, माझी गाडी डांबर सोडून कधी गेली नाही. माझं मत मागे घेतो. फक्त हेल्मेटवर पैसे वाचवू नका एवढं सांगतो. आयएस ४१५१ चा आयएसआय शिक्का असलेलं, पूर्ण चेहरा झाकणारं. भुवयांच्या वर टेपनं डोकं मोजून घ्या. नवीन असताना गालांना दाबलं पाहिजे, सैल असेल तर नको. आंबाडा घालत असाल तर मानेपाशी खाली वेणी घाला, नाहीतर हेल्मेट पुढं सरकतं. काच पांढरी घ्या, काळी काच संध्याकाळी धोक्याची. एकदा जोरात आपटलं की ते हेल्मेट बदलायचं, आतला थर्माकोलचा थर एकदाच काम करतो.


तिसरीच्या_बाई
१४ जून

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची उत्तरं मी वहीत उतरवून घेतली.

शिकाऊ परवाना निघाला. शनिवारी भावाला घेऊन चार शोरूम फिरले. स्पॅनर दादा, सगळीकडे खाली बसून मडगार्डमध्ये बोटं घातली. एका ठिकाणचा मुलगा विचारत होता मॅडम काही पडलंय का.

बुलेटवर बसले. भावाच्या समाधानासाठी. पाय टेकले, कारण सीट खोलगट आहे, पण स्टँडवरून सरळ करताना माझे हात थरथरले. भावानं ते बघितलं आणि तो विषय त्यानंच सोडला. यामाहा एमटी-१५ ची सीट ८१० मिमी, तिथं नुसते अंगठे टेकले. रेडरवर छान बसता आलं, सगळ्यात जास्त पाय तिथंच टेकले, पण मला पूर्ण बंद चेन कव्हर हवं होतं. स्प्लेंडर आणि शाइन १२५, दोन्ही उतारावरून मागे घेता आल्या. शाइन घेताना दम लागला, पण घेतली.

आता अडचण पैशाची. नवी शाइन ऑन-रोड, वर हेल्मेट, जाकीट, पावसाचा कोट धरला की लाखाच्या वर जाते. एका खरेदी-विक्रीच्या दुकानात २०२२ ची शाइन आहे, १९ हजार किलोमीटर झालेली, ६४ हजार सांगतात. दुसरीकडे २०२३ ची आहे, फक्त ८ हजार किलोमीटर, ६१ हजार. दुसरी साहजिकच बरी वाटते. नवीन माणसानं जुनी गाडी घ्यावी का? मला गाडीतलं काही कळत नाही ही खरी भीती आहे.


स्पॅनर_अक्कलकोट_रोड
१४ जून

घ्यावी. पहिली गाडी पडणारच आहे, लिव्हर वाकणार, इंडिकेटर फुटणार. नव्या गाडीवर पहिला ओरखडा पडला की माणूस महिनाभर धास्तावतो आणि धास्तावून चालवायला लागतो. पण ती दुसरी गाडी, कमी किलोमीटर आणि कमी पैसे, ती मला खटकूलाली.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. धुऊन, पॉलिश करून त्यातल्या काही बाजारात आल्या. पाण्यात बुडालेली गाडी महिनाभर चांगली चालते, मग वायरिंग सडायला लागतं. आताच्या गाड्यांना पेट्रोल इंजेक्शन, सेन्सर, त्यामुळं खर्च मोठा. बघायचं असं. सीट काढायला लावा, खाली कोपऱ्यांत बारीक गाळ वाळलेला असतो. बॅटरीजवळचे वायरचे जोड उघडून बघा, पिनांवर हिरवट बुरशी असेल तर गाडी बुडालेली. हेडलाइटच्या आत वाफेचे डाग. ऑइलची काडी काढून बघा, ऑइल दुधाळ दिसलं तर तिथूनच परत फिरा. एवढं तुम्हाला जमतं, याला मेकॅनिक लागत नाही.

किलोमीटर खरे का खोटे ते मीटर सांगत नाही. फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडल, हँडलच्या मुठी बघा. ८ हजार किलोमीटरला पेडल घासून चकचकीत होत नाही. टायरच्या बाजूला चार आकड्यांची तारीख असते. २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. गाडी २०२३ ची, ८ हजार चाललेली आणि टायर २०२५ चे, असं दिसलं तर विचारा टायर का बदलले.

चेसिस नंबर आरसीशी जुळवून बघा, स्वतःच्या डोळ्यांनी, दुकानदारानं वाचून दाखवलेला नको. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आधी, पैसे नंतर. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. "ताई चालवा तुम्ही, नावावर होईल सावकाश" असं म्हणणाऱ्याला हात जोडा. विम्याचं पण बघा. नव्या गाडीला थर्ड पार्टी ५ वर्षांची येते, ती चालू असते म्हणून विमा आहे असं सांगतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुतेकांनी पहिल्या वर्षानंतर भरलेलाच नसतो. तो तुम्ही घ्या, आणि विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर बदलायचा अर्ज द्या.

शेवटी, गाडी थंड असताना बघायला जावा. आधीच फोन केला की ते चालू करून गरम करून ठेवतात. न सांगता सकाळी जावा, सायलेन्सरला हात लावा, थंड आहे ना बघा, मग बटण दाबा. थंड गाडी पहिल्या-दुसऱ्या बटणाला उठली आणि धूर निळा नसला तर इंजिन ठीक.


तिसरीच्या_बाई
१९ जुलै

उशिरा लिहिते आहे, कारण नुसतं "घेतली" एवढंच लिहायचं नव्हतं, चालवून मग लिहायचं होतं.

८ हजार किलोमीटरवाल्या गाडीची सीट काढायला सांगितली तर दुकानदार म्हणाला चावी दुसऱ्या माणसाकडे आहे. दोनदा गेले, दोन्ही वेळा हेच. सोडून दिली. २०२२ ची घेतली, ६० हजारांना. सीटखाली मातीऐवजी एक वाळलेलं बेलाचं पान निघालं. पहिले मालक निवृत्त कारकून, सर्व्हिसची सगळी बिलं त्यांनी एका पाकिटात जपून ठेवली होती. नावावर होऊन आली.

पंधरा दिवस पहाटे रिकाम्या प्लॉटिंगवर गेले. आरोग्यसेविका ताई, ती ओढ लागायची जागा मला पाचव्या दिवशी सापडली. तुमच्यापेक्षा दोन दिवस जास्त लागले. डावा हात अजून घाबरल्यावर दाबला जातो, पण आता उजवाही बरोबर दाबला जातो. दोनदा गाडी पडली, दोन्ही वेळा वळवताना, थांबल्यासारख्या वेगात. दोन्ही वेळा मी एकटीनं उचलली: चावी बंद, हँडल वळवून, पाठ सीटला लावून पायांच्या जोरावर. दुसऱ्या वेळी उचलल्यावर तिथंच कट्ट्यावर बसून पाणी प्यायले आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. चाचणी दिली, पक्का परवाना आला.

परवा शाळेला नेली. हायवेला डावीकडून, पंचावन्नच्या वेगात. वडकबाळच्या पुलावर वारा लागला, पण एवढंच. फाट्यावर थांबले, हेल्मेट काढून पाणंद बघितली. रात्री पाऊस होऊन गेला होता, वर साय धरल्यासारखा थर होता. चार किलोमीटरपैकी अडीच चालवत नेली, दुसऱ्या गिअरवर. पुढं ओढ्याजवळ चिखल होता तिथं उतरून, इंजिन चालू ठेवून, शेजारून चालत काढली. मडगार्डात माती भरली, पण चाक फिरत राहिलं. शाळेत पोचले तेव्हा परिपाठाची घंटा व्हायची होती. पोरांनी काड्या आणून मडगार्डातली माती काढली. त्यावरून दोन गटांत भांडण झालं, पुढचं चाक कुणाचं आणि मागचं कुणाचं.

वडील काल संध्याकाळी गाडीला कापड मारत होते. काही बोलले नाहीत.

स्पॅनर दादा, एक विचारायचं होतं. पाणंदीतून आल्यापासून खालून कट्-कट् असा आवाज येतो, हळू चालवताना जास्त. चेन सैल झाली असेल का? कव्हर बंद आहे तर बघायची कशी?


स्पॅनर_अक्कलकोट_रोड
१९ जुलै

ताई, वाचून लई आनंद झाला. घरात मोठ्यांदा वाचून दाखवलं.

चेनच असेल. कव्हरच्या खालच्या बाजूला एक काळं रबराचं बूच आहे, ते काढा. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. बोटानं चेन वर-खाली करून बघा. २० ते ३० मिमी, म्हणजे एक-दीड बोटाच्या रुंदीएवढी हलली तर ठीक. कव्हरला घासत असेल तर सैल आहे. मागचं चाक हातानं फिरवत तीन-चार ठिकाणी बघा, एका जागी ताठ आणि एका जागी सैल असं होतं. इंजिन चालू ठेवून तिथं बोट कधी घालू नका.

कव्हरात खडा पण अडकलेला असू शकतो, पाणंदीचा. तो असेल तर कव्हर उघडावं लागेल. रविवारी आणा, दहाच्या आत, नंतर गर्दी होते. येताना मडगार्ड धुऊन आणू नका, माती कुठं धरूलाली ते मला बघायचंय.